वळणावर मी वारलो

आमच्या गावापुढच्या वळणावर गाड्या आता सावकाश जातात. कारण तिथे मी वारलो.

शहापूरहून मुरबाडला जाणारा रस्ता आमच्या गावापाशी असा काही वळतो, की जोरात येणारा थेट भाताच्या खाचरात उतरतो. काही जण नुसतेच उतरले. काही जण परत वर आले नाहीत. आमच्या चौकीचे हवालदार शिदूभाऊ यांनी तिथे सगळं करून पाहिलं. पिंपं लावली, ती चेपली. 'वेगावर ताबा ठेवा' अशी पाटी लावली, ती वाकली. शिट्टी फुंकली, ती कुणाला ऐकूच गेली नाही. गेल्या पावसाळ्यात एका माणसाला त्यांनी स्वतःच्या हातांनी खाचरातून वर आणलं. तेव्हापासून ते आमच्याकडे चहाला आले तरी कप धरून बसत. चहा गार होई.

अशाच एका गार चहासमोर ते म्हणाले, "अण्णा, पाटी कोण वाचत नाय. पण श्रद्धांजलीचा बॅनर दिसला, की जो तो गाडी स्लो करतो. कोण गेला ते बघायला."

खरं होतं. मीही करतो. (ओळखीचा निघाला तर हळहळतो. नाही निघाला तर जरा हिरमुसतो.)

"मग लावा की एक."

"कोणाचा लावू? गेलेल्यांच्या घरी विचारायची हिंमत नाय माझी. जिवंत माणूस पायजे. तुमी गावच्या नाटकात तीन वेळा मेलात. चांगले मेलात."

कौतुक झालं की मी आडवाच होतो. मजकूरही मीच लिहिला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधे हार घातलेला माझा फोटो, त्याखाली 'फार घाईत होते' आणि सर्वांत खाली 'हे गृहस्थ ठणठणीत आहेत. तुम्हीही राहा.'

"फोटोतसुद्धा तोंड उघडंच," माझी बायको सुमन म्हणाली. "आणि रविवारी मुरबाडची माणसं येणार, रेश्माचं काय ठरवलं ते सांगायला. त्याच रस्त्यानं."

"वाचतील आणि हसतील," मी म्हणालो.

रेश्मा आमची एकुलती एक. आधीची दोन स्थळं येऊन गेली आणि कारण न सांगता गप्प झाली होती. हा मुलगा मात्र तिला मनापासून आवडला होता. पंधरा दिवस तिचं जेवणात लक्ष नव्हतं.

बॅनरला चौकट मी दिली, नाटकाच्या पडद्याची. ती वीतभर आखूड निघाली. मी बॅनर खालून दुमडला आणि स्वतःच्या हातानं खिळे ठोकले. दुमडीत कोणती ओळ गेली, हे पाहायचं मला सुचलं नाही. मी फोटोकडे बघत होतो!

रविवारी सकाळी पलीकडच्या पाड्यावरची ठकीमावशी "माझ्या अण्णा रे" करत दारात आली. मी पडवीत दात घासत होतो.

"मावशी, मी हाय."

ती थांबली. मला नीट बघितलं. मग पायरीवर बसून तिनं पुन्हा सूर लावला.

"अगो, जिवंत हाय मी."

"दिसतंय रे. पण एवढं चालत आलेय, रडून घेते."

तिच्या मागून एक जण बांबू घेऊन आला. तो परत न्यायचं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं.

अकराला येणारे पाहुणे साडेबारा झाले तरी आले नाहीत. रेश्मा नवी साडी नेसून खिडकीशी बसली होती. तेवढ्यात फोन वाजला. मुलाची आई होती. सुमननं स्पीकर लावला.

"सुमनताई, वळणापर्यंत आलेलो गो. बॅनर बघला. तशेच मागं फिरलो. पोरगी आमचीच समजा, आमचा होकार हाय. पण सुतकात नारळ कसा आणू? दहाव्याला येतो."

"अवो, काय झालं नाय. हे इथंच बसलेत."

"असतात गो. माणूस दहा दिस घर सोडत नाय."

"पण ते चहा पितायत."

"हां, ठेवत जा. त्यांच्या जागेवर कप ठेवत जा."

मी फोन हिसकावला. "ताई, मीच बोलतोय."

पलीकडे काहीतरी धप्पकन पडलं. फोन बंद झाला तो पुन्हा लागेचना.

"बाबा," रेश्मा एवढंच म्हणाली, "आता ते परत येतील का?" तिचे डोळे भरले होते. मला एकदम माझी लाज वाटली.

मी मोटारसायकल काढली. वळणावर शिदूभाऊंनी हात आडवा केला.

"अण्णा, स्पीड किती? वर बघा जरा."

वर मी होतो, हार घालून.

"कालपासून इथून एक गाडी जोरात गेली नाय. तुमी पयले."

पावती मुकाट्यानं घेतली, खिळे उपटून खालची ओळ मोकळी केली आणि मुरबाड गाठलं. मुलाचे वडील पांडूतात्या अंगणात बसले होते. मला पाहून ते उठले आणि बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिले. पावलं उलटी नाहीत अशी खात्री झाल्यावर खाली बसले. मी सगळी हकीकत सांगितली. वाटलं, हसतील. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजे तुमी हाव?"

"हाय, तात्या."

"मग पंचाईत झाली." ते जमिनीकडे बघत म्हणाले, "राग धरू नका. सकाळी आमी नाय म्हणायला निघालेलो. पोरगी सोन्यासारखी हाय. पण मागच्या खेपेला तुमी चार तास बोललात. माझं एक वाक्य पुरं झालं नाय. जल्मभर कसं व्हायचं? मग तो बॅनर बघला. बायको म्हणाली, आता काय हरकत हाय?"

मला उत्तरं सुचली. निदान सात. त्यातलं एक तर फार सुंदर होतं. पण खिडकीशी बसलेली पोर डोळ्यांपुढून हलेना. मी ओठ मिटले.

तात्यांनी भाताच्या भावाचा विषय काढला. मी मान हलवली. त्यांनी ग्रामपंचायतीचा काढला. मी मान हलवली. त्यांनी नाटकांचासुद्धा काढला. माझी कानशिलं ठणकायला लागली, पण मी मान हलवली. अर्धा तास गेला.

शेवटी तात्यांनी घरात हाक मारली, "नारळ आण गो. माणूस जिवंत हाय, पण गप बसतोय."