मागं पोचतंय का?

माईक हातात आला की आमचे शेक्रेटरी आधी खिशातून सोसायटीच्या गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा काढायचे आणि त्या जुडग्यानं माईकच्या जाळीवर ठण ठण ठोकायचे. मग मान उंच करून विचारायचे, "मागं पोचतंय का?"

माईक माझा होता, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. मंडप आणि लाउडस्पीकर हा माझा धंदा. लोकं बोटानं टिचकी मारतात, फुंकर मारतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. किल्ल्यांनी ठोकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. एकदा न राहवून विचारलं, की शेक्रेटरीसाहेब, किल्ल्या कावून? तर म्हणाले, "फुंकर कुणी बी मारतंय. सोसायटीचा कार्यक्रम हाय हे कळलं पाहिजे की लोकाला."

आमच्या गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे ते सेक्रेटरी. अंगानं काटकुळे, पायात टायरची चप्पल, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विषय काढलाच तर "राहून गेलं" म्हणायचे, सायकलीत हवा भरायची राहून गेल्यासारखं.

त्या साली दुष्काळ असा पडला की बोअरमधून नुसती हवा यायची. टँकर लागला. टँकर संध्याकाळी यायचा, पण कोणत्या संध्याकाळी किती वाजता, हे ड्रायव्हर आणि देव दोघंच जाणत. बाया-माणसं सोसायटीच्या ओट्यासमोर घागरी रांगेत लावून ठेवायची आणि मग कुणाची घागर कुणी पुढं सरकवली यावरून जुंपायची. एकदा दोन सख्ख्या जावा एकमेकींच्या झिंज्या धरून ओट्यावर चढल्या, तेव्हा शेक्रेटरी आत कर्जाचे कागद बघत होते. त्यांनी खिडकी लावून घेतली, जरा वेळानं परत उघडली आणि दुसऱ्या दिवशी वडवणीला माझ्या दुकानात आले.

म्हणाले, माणूस ऐकत बसला की भांडत न्हाई. बाजारच्या दिवशी टँकर हमखास उशिरा येतो, कारण ड्रायव्हर वडवणीच्या बाजारात चहा पीत बसतो. तर दर बाजारच्या दिवशी ओट्यावर गाणं ठेवायचं. उघड्यावर, फुकट, उन्हाळा सरेपर्यंत. भजन, कव्वाली, बँड, हलगी, जे मिळेल ते. मी म्हणालो, साहेब, यंदा लग्नं नाहीत, माझं मशीन धूळ खात पडलंय, आणि तुम्ही फुकट मागता?

"म्हणून तर आलो," ते म्हणाले. "मशीन पडून ऱ्हायलं की बिघडतंय. तुझं वाजवून ठिवतो."

मी फडकं घेऊन मशीनवरची धूळ झटकायला लागलो.

गाणारे गोळा करायची त्यांची रीत सोपी होती. ज्याला बोलवायचं त्याच्या अंगणात जाऊन बसायचं आणि तो हो म्हणेपर्यंत उठायचं नाही. पाटोद्याकडची कव्वाली पार्टी त्यांना टाळायला मागच्या दारानं निघाली, तर हे मागच्या अंगणातच बसलेले. शाल-श्रीफळ देण्याची सोसायटीची ऐपत नव्हती. कलावंताचा मान म्हणून टँकरमधून पहिली घागर भरून द्यायची, असं त्यांनी ठरवलं. ती कव्वाली पार्टी रात्री मोटारसायकलवर परत गेली, तेव्हा मधल्या माणसाच्या मांडीवर पेटी होती आणि मागच्याच्या मांडीवर घागर. घागर त्यानं जास्त जपून धरली होती.

बसायचाही एक कायदा होता. जिथं घागर, तिथं माणूस. ज्याची घागर पहिली तो पहिल्या रांगेत, मग तो कुणी का असेना. त्यामुळं पहिल्या रांगेत कायम भीमनगरची सखूमावशी. ती दुपारच्या उन्हातच येऊन घागर मांडायची आणि डोक्यावर पदर घेऊन तिच्याशेजारी बसायची. तोवर गावात कसलाही कार्यक्रम असला की भीमनगरची माणसं मागं, लिंबाखाली उभी असायची. तसं त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं, इतकी ती सवय जुनी.

आणि चेअरमन? सोसायटीचे चेअरमन म्हणजे गावचे मोठे बागायतदार. बाग वाळली होती, पण बागायतदार हे नाव तेवढं हिरवं होतं. त्यांच्या घागरी गडी सावकाश आणायचा, म्हणून त्या सगळ्यात शेवटी लागायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची ओट्यापुढं मांडायला लावली. शेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "साहेब, खुर्ची हाय, पण घागर कुठं हाय?" खुर्ची उचलून लिंबाखाली गेली.

तेव्हापासून "मागं पोचतंय का?" याचं उत्तर द्यायचं काम चेअरमनकडं आलं. मागं तेच होते ना! ते नुसती मान हलवायचे. शेक्रेटरी म्हणायचे, मान हालवून माईकला कळत न्हाई. मग चेअरमन तोंड वाकडं करून "पोचतंय" म्हणायचे, आणि मगच पेटीचा भाता हलायचा.

बँडचा दिवस मात्र सगळ्यांना पुरून उरला. नेकनूरकडचा लग्नातला बँड होता. ओट्यावर खुर्च्या मांडून बसवला, तर एकाचा सूर एकीकडं आणि दुसऱ्याचा दुसरीकडं. क्लॅरनेटवाला घामाघूम झाला. म्हणाला, साहेब, जन्मभर चालत वाजवलंय, बसून आमाला सूरच सापडत न्हाई. शेक्रेटरींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, मग चाला की.

बँड ओट्यावरून उतरला, चालायला लागला, आणि काय सांगू, असा सुरात लागला की लोकं आपोआप मागं निघाली. मी हातगाड्यावर बॅटरी आणि कर्णा घालून निघालो. आता वरात म्हटली की नवरदेव लागतो. पोरांनी शेक्रेटरींना ढकलत पुढं नेलं, कुणी तरी त्यांच्या डोक्याला टॉवेलचा फेटा गुंडाळला. सखूमावशीनं बोटं मोडून त्यांची दृष्ट काढली. वेशीपाशी मागून हॉर्न वाजायला लागला. आम्हाला वाटलं, बँडातलंच नवीन वाद्य असेल. तो टँकर होता. ड्रायव्हरला वाटलं, खरीच वरात आहे, हिच्या पुढं कसं जायचं, म्हणून तोही बिचारा हळूहळू मागं आला. अख्ख्या गावानं आपलाच टँकर गावाला प्रदक्षिणा घालून आणला.

ओट्यावर परत आल्यावर मी वायर गुंडाळत होतो. शेक्रेटरी फेटा सोडायला विसरले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "राहून गेलतं. झालं एकदाचं." मी हसलो आणि गुंडाळलेली वायर सोडून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

पुढच्या बाजारी भीमनगरच्या गायन पार्टीचा नंबर होता. गाणारी सखूमावशीची सून, आवाज असा खणखणीत की माझ्या कर्ण्याची गरज नव्हती. चार दिवस आधी चेअरमननी शेक्रेटरींना वाड्यावर बोलावून घेतलं. भजन झालं, कव्वाली झाली, ठीक आहे. भीमगीतं मात्र त्यांच्या वस्तीत होऊ द्या, सोसायटीच्या ओट्यावर नकोत. झाली, तर येत्या मीटिंगला नवा सेक्रेटरी बघू. इतकं सरळ सांगितलं.

हे मला शेक्रेटरींनीच सांगितलं, कार्यक्रमाच्या दिवशी, कर्णा बांधताना. मी म्हणालो, नोकरी गेली तर खाणार काय? ते म्हणाले, "ओटा सभासदाचा हाय. सखूमावशी सभासद हाय. तिला बी एकच मत आन् चेअरमनला बी एकच मत. मी कुणाला न्हाई म्हणू, सांग की बे." बोलणं ठाम होतं, पण खिशात हात घातला तेव्हा किल्ल्या किणकिणल्या. घाबरलेले होते. घाबरून जो करतो, त्याचंच मला कौतुक वाटतं.

चेअरमन येणार नाहीत, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण घरात पाणी नव्हतं, घागरी रांगेत होत्या, आणि घागर तिथं माणूस. ते येऊन लिंबाखाली बसले, हाताची घडी घालून. नेमका त्या दिवशी टँकरही लवकर आला. ड्रायव्हरला एव्हाना गाण्याचा नाद लागला होता. त्यानं इंजिन बंद केलं, टपावर चढून बसला आणि जाहीर केलं की गाणं झाल्याशिवाय पाईप सोडणार नाही.

शेक्रेटरींनी माईकवर किल्ल्या ठोकल्या. "मागं पोचतंय का?"

मागून काही नाही.

"मागं पोचतंय का?"

सखूमावशीची सून पदर खोचून उभी होती. ढोलकीवाल्याचे हात हवेत. ओट्यापुढचं सगळं गाव वळून लिंबाकडं बघायला लागलं. चेअरमन जमिनीकडं बघत होते. शेक्रेटरी माईक धरून उभे. उत्तर आल्याशिवाय सुरू करायचं नाही, हा त्यांचाच कायदा. मला वाटलं, संपलं, हा माणूस इथंच उभा राहणार आणि उद्यापासून घरी बसणार.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून चेअरमनची बायको म्हणाली, "आवं, सांगा की पोचतंय म्हणून. घरात थेंब न्हाई."

कुणी तरी फिसकन हसलं. चेअरमन पुटपुटले.

"हितं ऐकू आलं न्हाई, साहेब," शेक्रेटरी म्हणाले. आवाज कापत होता, पण म्हणाले.

"पोचतंय," चेअरमन म्हणाले. "करा सुरू."

ती बाई अशी गायली की टपावरचा ड्रायव्हर पाईप सोडायचंच विसरला. मान म्हणून दिलेली पहिली घागर सखूमावशीनं स्वतः उचलून सुनेच्या डोक्यावर ठेवली. मीटिंगमध्ये नव्या सेक्रेटरीचा विषय निघालाच नाही. पुढच्या बाजारी चेअरमननी मलाच विचारलं, "आज कुणाचं हाय बे?"

असे ते आमचे शेक्रेटरी. पुढं पाऊस झाला, टँकर बंद झाले, ते रिटायर झाले. यंदाच्या उन्हाळ्यात गेले. दोन-तीन दिवस ताप आला, एवढंच निमित्त.

शोकसभा त्याच ओट्यावर ठेवली. मशीन माझंच, माईकही तोच. जाळी पार चेपलीय, पण मी बदललेली नाही. पुढं मान्यवरांसाठी खुर्च्या होत्या. म्हातारे चेअरमन काठी टेकत आले, खुर्च्यांकडं बघितलं आणि सरळ मागं लिंबाखाली जाऊन बसले. नव्या सेक्रेटरीनं माईक घेऊन एकदम भाषणालाच सुरुवात केली.

"मागं पोचत न्हाई," लिंबाखालून आवाज आला.

मी आवाज वाढवला. पोरगं पुन्हा बोलायला लागलं.

"पोचत न्हाई."

माझं मशीन मला माहीत आहे. आवाज पार भीमनगरपर्यंत जात होता. नवा सेक्रेटरी गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. मी उठलो, ओट्यावर गेलो, त्याच्याकडून गोदामाच्या किल्ल्या मागून घेतल्या आणि माझ्याच माईकवर ठण ठण ठोकल्या. विचारायचं होतं ते विचारलं. 

आधी लिंबाखाली नुसती मान हलली. मग चेअरमन म्हणाले, "पोचतंय. करा सुरू."