तळ्यातले अब्बा

विमानतळाची टॅक्सी दारात उभी होती आणि माझं रडं थांबत नव्हतं. मंडईजवळ छत्र्यांचं दुकान चालवणाऱ्या माझ्या अब्बांनी माझी बॅग उचलून पाहिली. "वजन जास्त झालंय. थोडं रडणं इथेच ठेवून जा," म्हणाले. अम्मीला हसू फुटलं, मग मलाही. घरी आम्ही दखनी बोलायचो, पण टोमणा मारायचा तर अब्बांना मराठीच लागायची.

नवऱ्याच्या, इम्रानच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत, आयोवातल्या डेमॉइनला आलो. शहर मध्यमच, पण बागा किती! गुलाबांची बाग, नदीकाठचा ट्रेल, डाउनटाउनजवळचं मोठं तळं. सारसबागेत भेळेचा कागद हातात धरून बसायला जागा शोधणारी मी, इथे अख्ख्या हिरवळीवर एकटी. पहिल्या वर्षी ती शांतता खायला उठायची. मी फोटो पाठवायचे, अम्मी विचारायची, "छान आहे गं. माणसं किती वाजता येतात?"

मग अम्मी गेली. अब्बांनी दुकान बंद केलं आणि बोलणंही. त्यांचे टोमणे थांबले तेव्हा मी खरी घाबरले. त्यांना इकडे आणलं, तर इथेही दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. संध्याकाळी बळेच तळ्यावर न्यायचे मी. अब्बा बाकावर टेकायचे आणि लगेच, "चल घरी."

जूनमधल्या एका रविवारी मी त्यांना बाकावर बसवून कॉफी आणायला गेले. परत येते तो बाक रिकामा. फोन बाकावरच पडलेला. धावणाऱ्यांना थांबवून विचारलं, झाडांमागे पाहिलं. पाण्याकडे बघायची मात्र हिंमत होईना. तेवढ्यात पाण्यातूनच कोणीतरी माझ्या नावाने हाक मारली.

पिवळ्या पेडल बोटीत अब्बा बसले होते. शेजारी गवती टोपीतला एक अनोळखी म्हातारा. दोघं जीव तोडून पाय मारत होते आणि बोट जागच्या जागी गोल फिरत होती.

"कुठे होतात तुम्ही?" काठावर येताच मी ओरडले.

"समोरच. एवढी पिवळीधमक होडी तुला दिसली नाही, त्याला मी काय करू?"

आणि अब्बा हसले. अम्मी गेल्यापासून पहिल्यांदा. मी रागवायचं विसरूनच गेले.

तो म्हातारा मेक्सिकोचा, हेक्टर. एकटा बसला की बोट कलायची, म्हणून त्याने बाकावरच्या अब्बांना खुणेने बोलावलं होतं. "त्याची भाषा कळली तुम्हाला?" मी विचारलं. "भाषा कशाला? पायच मारायचे होते."

तो सगळा उन्हाळा दोघांनी तळ्यावर काढला. रविवारी हेक्टरची लेकी-सुना-नातवंडं यायची. आमचा खिमा त्यांच्या टॉर्टियात गुंडाळून सगळे हिरवळीवर फतकल मारून जेवायचो. येणारेजाणारे वळून बघायचे. त्यातले दोघंतिघं पुढे जेवायलाच यायला लागले.

उन्हाळा सरल्यावर अब्बांनी पुण्याला परत जाऊन दुकान उघडलं. परवाच्या डिसेंबरात आम्ही पुण्याला गेलो होतो. निघताना म्हणाले, "घरी पोचलीस की फोन कर." इतकी वर्षं ते 'तिकडे पोचलीस की' म्हणायचे.

माझा पाय उंबऱ्यातच अडला. "अब्बा, घर तर हे ना?"

"हे आहेच की. दुसरं झालं म्हणून मी काय हे पाडायला घेतलंय?"

टॅक्सी येरवड्याला पोचली तरी इम्रान विचारत होता, काय झालं, इतकी का हसतेयस?