भाऊजींचं मशीन आणि वाकडी चिमणी

ईरा आणि निहार,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, तुझ्यामागे खिडकीच्या जाळीत तो जाडा पक्षी कुणी केलाय? त्याची पाठ अशी वाकडी का?" मी "सांगते" म्हटलं आणि तुमची शाळेची वेळ झाली. ही गोष्ट कॉलवर सांगण्यासारखी नाही. मध्येच चित्र थांबतं आणि मी काय बोलत होते ते मलाच आठवत नाही. शिवाय आमच्या सोसायटीने सगळ्या खिडक्या बदलायचं ठरवलं आहे. दिवाळीनंतर ही जाळी उतरणार. म्हणून आत्ताच क्रमाने लिहून ठेवते. क्रम माझा आहे. ज्यांच्याविषयी लिहिते आहे, त्यांचा क्रमाशी कधी संबंध आला नाही.

तो पक्षी म्हणजे चिमणी, आणि ती केली तुमच्या भाऊजीआजोबांनी. ते तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणायची म्हणून तुमचे बाबाही लहानपणी भाऊजीच म्हणू लागले आणि पुढे तुम्ही त्याला आजोबा जोडलंत. इतका ठाम आणि त्याच वेळी इतका गोंधळलेला माणूस मी सबंध आयुष्यात दुसरा पाहिला नाही. मेट्रोत ते चुकीच्या दिशेच्या गाडीत इतक्या आत्मविश्वासाने चढायचे की बरोबर उभे असलेले अनोळखी लोकही त्यांच्यामागे चढत. फौजेच्या वर्कशॉपमध्ये ते वेल्डर होते. निवृत्त झाल्यावर बरोबरीचे सगळे सातारा-सांगलीकडे परतले, भाऊजी मात्र दिल्लीतच राहिले. का, तर "गावाकडे सगळ्यांच्या खिडक्यांना आधीच गज आहेत." मग पटपडगंजच्या कारखान्यांच्या वस्तीत त्यांनी एक शेड घेतली आणि फाटकं, कठडे, खिडक्यांच्या जाळ्या करू लागले. मयूर विहारच्या आमच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. भाऊजींबरोबर गेलं तर चाळीस, कारण वाटेत फाटकं लागत.

फाटक दिसलं की ते बोटाच्या पेराने त्यावर टकटक करून कान लावत. एकदा आम्ही तिघं कस्तुरबा गांधी मार्गावर सरकारी अतिथिगृहात जेवायला गेलो होतो. मी आणि तुमचे आजोबा आत जाऊन बसलो, ताटं आली, वरण निवत चाललं, भाऊजींचा पत्ता नाही. बाहेर येऊन पाहते तर शेजारच्या बंगल्याच्या फाटकाला कान लावून उभे. आतल्या शिपायाने विचारलं, "किससे मिलना है?" भाऊजी अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले, "गेट से." शर्टाच्या खिशात पेन नसे, मोजायची टेप असे. तुमचे बाबा पाच दिवसांचे असताना दुपट्यात गुंडाळलेल्या त्या जिवाला टेप लावून त्यांनी जाहीर केलं होतं, "वीस इंच. दोन सूत कमी." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे तुमच्या बाबांनाही सांगावं लागतं, ते दिल्लीत वाढले.

आणि त्यांच्या प्रत्येक जाळीत एक चिमणी असे. गिऱ्हाईकाने मागितलेली नसे. लोखंडाच्या पत्र्यावर खडूने एका दमात चित्र काढायचं, मग गॅसचा कटर हातात धरून, श्वास रोखून, त्या रेषेवरून कापत जायचं. साचा नाही, कागद नाही. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, एक साचा करून ठेवा ना, वेळ वाचेल." ते म्हणाले, "वहिनी, दोन चिमण्या सारख्या झाल्या तर त्यातली एक खोटी."

आता मुख्य गोष्ट. मी ज्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, तिथल्या नव्या वाचनालयाला बारा खिडक्या होत्या. त्यांच्या जाळ्यांचं काम मी भाऊजींना मिळवून दिलं होतं. बारा जाळ्या, बारा चिमण्या. पण महिना गेला, दुसरा गेला, एक जाळी होईना. कधी पत्रा चांगला नव्हता, कधी गॅस संपला होता, कधी नुसतंच "बघू". त्याच सुमाराला त्यांनी माझ्याकडे कपबशी घेणं सोडलं. "वहिनी, मला स्टीलचा ग्लास द्या. अर्धाच." मी दिला. मला वाटलं, फौजेची जुनी सवय वर आली असेल. शेवटी एक दिवस ते आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "मशीन घ्यायचं. कॉम्प्युटरवर चालणारं, प्लाझ्माचं. नाहीतर शेडला कुलूप लावून पुण्याला मुलाकडे जातो. त्याने खोली तयार ठेवलीय. खोलीत टीव्ही आहे." टीव्ही हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मला ती खोली तुरुंगासारखी दिसली.

प्लाझ्मा मला रक्तातला माहीत होता. "रक्त नाही हो वहिनी, हवा," भाऊजी म्हणाले, आणि गोंधळ तिथून सुरू झाला. माहितीपत्रकं सगळी इंग्रजीत, म्हणून माझी नेमणूक झाली. मी नवी वही काढली, पट्टीने रकाने आखले. दाबाची हवा एका बारीक भोकातून सोडायची, तिच्यात विजेची ठिणगी पाडायची, की ती इतकी तापते की खालचा पत्रा रेघेसारखा वितळून गळून पडतो. आणि ते भोक कुठून कुठे न्यायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. हवेने लोखंड कापतात हे वाक्य मी इंग्रजीत तीनदा वाचलं आणि मराठीत दोनदा लिहिलं. दोन्ही भाषांत ते मला खोटंच वाटलं. एका पत्रकात 'ड्यूटी सायकल साठ टक्के' असं होतं. दोन्ही शब्द मी तीस वर्षं मुलांना शिकवले होते, पण शेजारी शेजारी आल्यावर अर्थ लागेना. विक्रेत्याला फोन केला तेव्हा कळलं, दहा मिनिटांतली सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं आराम. भाऊजी खूश झाले. "म्हणजे मशीन सरकारी आहे!" केंद्र सरकारातून निवृत्त झालेल्या तुमच्या आजोबांनी पेपर थोडा वर घेतला.

फरिदाबादच्या विक्रेत्याने सांगितलं, मशीन बारा मिलिमीटर जाडीचं लोखंड कापतं. नोएडाच्या विक्रेत्याने तेवढ्याच ताकदीच्या मशीनला पंचवीस सांगितले. मी दोन्ही आकडे वहीत मांडले, पुढे प्रश्नचिन्ह काढलं, फरिदाबादला परत फोन केला, तर ते म्हणाले, "पच्चीस भी काटता है, मैडम." मग मी दोन प्रश्नचिन्हं काढली. तिसरा म्हणाला हवा अगदी कोरडी हवी, चौथा म्हणाला पावसाळ्यातसुद्धा चालतं, पाचवा म्हणाला प्लाझ्मा सोडा, लेझर घ्या. रात्रभर वाहून आलेल्या गाळासारखी माहिती साठत गेली आणि माझी सुबक वही मलाच वाचता येईना. भाऊजी मात्र प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत: "इसका हाथ काँपता है क्या?" विक्रेते गोंधळून बघत. एकाने सांगितलं, "सर, इसका हाथ नहीं है." तो प्रश्न मी 'इतर' या रकान्यात लिहिला आणि विसरले.

भाऊजींचं मत असं, की दुकानातलं मशीन बघून काही कळत नाही. ते ज्याच्या घरी नांदतंय तिथे जाऊन बघावं. पानिपतला एका कारखान्यात असं मशीन होतं. निघताना ते तुमच्या आजोबांना म्हणाले, "दादा, वहिनींना घेऊन पानिपतला जाऊन येतो." आजोबांनी पेपर खाली न करता एवढंच म्हटलं, "परत या म्हणजे झालं."

कारखान्याचे मालक भले होते. त्यांनी माझी प्रश्नचिन्हं पाच मिनिटांत पुसली. एक आकडा मशीन स्वच्छ कापतं ती जाडी, एक आकडा मधोमध भोक पाडता येतं ती, आणि सगळ्यात मोठा आकडा म्हणजे कडेने सुरुवात करून कसंबसं तोडता येतं ती. "तीनों सच हैं, माताजी. आपको कितना काटना है?" मी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले, "तीन." दोन महिने आम्ही बारा आणि पंचवीसवरून डोकं फोडत होतो आणि चिमणीला लागत होते तीन.

मशीन चालवत होती मालकांची सून. डोक्यावर ओढणी, समोर कॉम्प्युटर. तिने विचारलं, "अंकल जी, ड्रॉइंग लाए हो?"

"ड्रॉइंग मेरे हाथ में है, बेटा."

"तो बना दो. मैं फोटो लेकर ट्रेस कर लूँगी."

मी पर्समधून खडू काढून दिला; शाळा सुटली तरी खडू सुटलेला नाही. भाऊजी पत्र्यावर वाकले. चोच ठीक आली. मग पाठीची लांब रेघ सुरू झाली आणि त्यांचा हात थरथरू लागला. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. रेघ तरीही हलत हलत, पायऱ्या उतरल्यासारखी शेपटीपर्यंत गेली. "चॉक गीला है," भाऊजी म्हणाले. खडू कोरडाठाक होता. आणि मला स्टीलचा अर्धा ग्लास आठवला, बारा जाळ्या आठवल्या, 'इतर' रकान्यातला प्रश्न आठवला. इतकी नीटनेटकी बाई मी, सगळं वहीत लिहिलेलं, आणि वाचता काही आलं नव्हतं.

भाऊजींनी तिलाही तेच विचारलं, हळू आवाजात. "इसका हाथ काँपता है क्या?"

ती पोर हसली नाही. म्हणाली, "नहीं, अंकल जी. पर जो लकीर दोगे, वही काटेगा. काँपी हुई दोगे, तो काँपी हुई." मग पडद्याकडे बघत तिने विचारलं, "पीठ पे थोड़ी हिल गई है. सीधी कर दूँ? एक बटन का काम है."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी जन्मभर लाल पेनाने दुसऱ्यांच्या ओळी सरळ केलेली बाई. मी म्हटलं, "नहीं. रहने दो. जैसी है वैसी."

निळा लखलखाट झाला. आम्ही काळ्या काचेतून बघत होतो. मशीनला गरज नव्हती, तरी भाऊजींनी शेवटपर्यंत श्वास रोखून धरला होता. चिमणी खाली पडली. निवल्यावर त्यांनी ती उचलली, पाठीच्या प्रत्येक हेलकाव्यावरून अंगठा फिरवला, खिशातून टेप काढली. "नऊ इंच," ते म्हणाले. "दोन सूत कमी." परतताना ढाब्यावर थांबलो तेव्हा मी न सांगता त्यांचा ग्लास अर्धा भरून दिला. ते म्हणाले, "पूर्ण भरा, वहिनी. सांडला तर सांडला. फक्त दादाला सांगू नका."

मशीन घेताना माझी वही कुणी उघडलीच नाही. भाऊजींनी पानिपतला होतं तसंच मागवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "ते सरळ करायच्या आधी विचारतं." मी म्हटलं, "भाऊजी, मशीनने नाही विचारलं, त्या मुलीने विचारलं." त्यावर ते क्षणभर गोंधळले आणि मग नेहमीच्या ठामपणे म्हणाले, "मग ती मुलगी तुम्ही व्हा." अशी मी सत्तराव्या वर्षी पटपडगंजच्या शेडमध्ये कॉम्प्युटरसमोर बसले. ते माझ्या वहीच्या उरलेल्या पानांवर चिमण्या काढायचे, मी त्यांचा फोटो घेऊन कॉम्प्युटरवर त्या रेघेवरून रेघ काढायची. पहिल्या आठवड्यात हवेत पाणी गेलं, पत्रा अर्धवट कापला गेला, एकदा चिमणी उलटी निघाली आणि भाऊजी म्हणाले, "झोपलीय." पण वाचनालयाच्या बारा खिडक्या झाल्या. पुण्याच्या खोलीतला टीव्ही भाऊजींनी कधीच पाहिला नाही.

एकदाच मी त्यांना न विचारता एका चिमणीची पाठ जराशी, अगदी जराशी सरळ केली होती. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "वहिनी, ही कुणाची चिमणी?" मी मुकाट्याने पुन्हा कापायला लावली.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. शेवटी शेवटी रेघा इतक्या हलत की चिमणी आहे हे मलाच माहीत असे. शेड आता दुसऱ्या कुणाकडे आहे, मशीनही तिथेच आहे. प्लाझ्मा म्हणजे नक्की काय, हे मला अजूनही तुम्हाला एका वाक्यात सांगता येणार नाही. पानिपतची पहिली चिमणी भाऊजींनी आमच्या खिडकीच्या जाळीत बसवली; तीच तुम्हाला माझ्यामागे दिसते. दिवाळीनंतर जाळी उतरली की ती कुठे ठेवायची, ते मी अजून ठरवलेलं नाही.

शाळेच्या वाचनालयाच्या बारा खिडक्या अजून आहेत. आणि माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात, बटणांच्या डब्यात, एक पेन ड्राइव्ह आहे. त्यात एकशे सात चिमण्या आहेत. एकही सरळ केलेली नाही.