विकलेल्या व्हॅनचे दावे

बन्सीधर यांनी आयुष्याचा पूर्वार्ध बैलांच्या संगतीत आणि उत्तरार्ध एका पांढऱ्या व्हॅनच्या संगतीत घालविला. मानवतच्या रस्त्यावर त्यांनी असंख्य माणसे घरी पोहोचविली. डोळ्यांपुढे धुके दाटू लागले, तेव्हा त्यांनी ती विकावयास काढली. ती भंगारात जाऊ नये, कोणाच्या तरी हाती चालत राहावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

परंतु खोड सांगितल्यावाचून जनावर विकू नये, हा बैलबाजारातला नेम त्यांनी सोडला नव्हता. आलेले गिऱ्हाईक खोडी ऐकूनच परत जाई.

"लेकीची सोयरीक बी अशीच केली असती, तर ती आजून घरातच बसली असती!" पत्नी नर्मदाबाई म्हणत.

एके सकाळी सुकेशनी आली. ताडकळसच्या बाजारात ती स्वतः शिवलेले कपडे विकत असे. गठ्ठे नेण्यासाठी तिला गाडी हवी होती.

"माय, आधी ऐकून घे," बन्सीधर म्हणाले. "चढावर तापती. दुसरा गेर निसटतो. अन् बिरेक एकदा दाबून ऐकत न्हाई, दोनदा दाबावा लागतो. हळू चालव, आधी गॅरेजला ने, मग बाजारला."

"खोडी लय झाल्या, काका. गुण बी सांगा की एखादा."

बन्सीधर यांनी डोळे मिटले. गुण त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. मिटलेल्या डोळ्यांपुढे कापूसवेचणीच्या दिवसांतला रस्ता उलगडत गेला. वाऱ्यावर तरंगणारा कापूस खिडकीतून आत येई, डुलक्या घेणाऱ्या बायकांच्या केसांवर अलगद बसे, आणि व्हॅनचा जणू पाळणा होई.

"हिच्यात लेकरू रडत न्हाई," ते हळूच म्हणाले. "बसलं की झोपतंय."

"मग माझं बी झोपंल," सुकेशनी हसली, आणि व्यवहार ठरला.

बन्सीधर यांनी किल्लीचा लाल गोफ सोडून घेतला व मोकळी किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"दोरा बी द्यायचं मन होईना का, काका?"

"जनावर द्यावं माय, दावं देऊ न्हाई. गोठ्याची बरकत जाती."

"दावं नव्या धन्यानं आणायचं असतंय," नर्मदाबाईंनी समजावले. सुकेशनीने पिशवीतून साडीच्या काठाची चिंधी काढून किल्लीत ओवली.

व्हॅन संथपणे निघाली. बन्सीधर यांच्या अंधुक दृष्टीला ती वाऱ्यावर निघालेल्या कापसासारखी भासली. पारापाशी वळण आले. त्यांनी श्वास रोखला. मागचे लाल दिवे लागले, विझले, आणि पुन्हा लागले.

"ऐकलं पोरीनं," ते म्हणाले, आणि त्यांनी गोफ गोठ्याच्या खुंटीला अडकविला.