रत्नाची गाणी, भिकुबाईंचा गळा

भिकुबाई, तुमची पिशवी अजून माझ्याकडेच आहे. नारळ आतून खुळखुळायला लागलाय.

एवढं बोलून हेमलताबाईंनी फोनमधलं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. भिकुबाईंना वाचता येत नाही, म्हणून आवाजातच निरोप धाडायचा होता. पुढचं वाक्य काही सुचेना.

भिकुबाई भडगावच्या. बोलायला फटकळ, पण श्रावणातल्या कानबाई देवीची गाणी म्हणायला लागल्या की गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून यायच्या. गाताना शेजारी त्यांची थोरली जाऊ रत्ना. लेकाच्या नोकरीपायी ती वरणगावला गेली, तरी दर श्रावणात कानबाईच्या रोटाचा प्रसाद खायला आणि गायला भडगावात हजर.

हेमलताबाई पाचोऱ्याच्या कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. महिला मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी त्या भिकुबाईंना भेटल्या. भिकुबाई म्हणाल्या, "बठ्ठा गाना रत्नाना शेतस. मन्हा फक्त गळा शे."

हेमलताबाईंना ते जरा रांगडं वाटलं. त्यांनी छापलं, "ही गाणी मला परंपरेने लाभली, मी ती जिवापाड जपली." तेही अवतरणचिन्हांत, भिकुबाईंच्या नावावर. हीच बाई जन्मभर पोरींना दटावत आली होती: चिन्हांच्या आत तोंडचा शब्द जसाच्या तसा हवा, आपल्या शब्दांत लिहायचं तर चिन्हं काढा, पण म्हणणं कोणाचं ते बदलू नका. इथं चिन्हं राहिली आणि रत्नाचं नाव गेलं.

वरणगावात रत्नाच्या सुनेनं ते वाचून दाखवलं. त्या श्रावणात रत्ना आलीच नाही. निरोप आला, "परंपराले बलाव रोट खावाले. मन्हं काय काम?"

भिकुबाई तडक पाचोऱ्याला आल्या. "बाई, हाई मी सांगेल नही."

"पुढच्या अंकात दुरुस्ती छापू."

"ती काय तुमना अंकनी वाट देखी ऱ्हायनी का? तुम्ही चला मन्हासंगे. मन्हं ती आयकत नही. छापेल शे ना."

रत्नाच्या ओटीचा खण-नारळ असलेली पिशवी त्यांनी तिथंच ठेवली. "तुमना हातेच द्या तिले."

जाऊ, असं हेमलताबाई म्हणाल्या. आधी गुडघा दुखत होता, मग दिवाळीचे पाहुणे आले, मग थंडी पडली. ही सगळी निमित्तं. एका म्हातारीपुढे बसून 'ते वाक्य माझं, तिचं नव्हे' एवढंच सांगायचं होतं आणि तेच जमत नव्हतं. भिकुबाईंचा फोन यायचा, "कव्हय जावानं, बाई?"

"बघू, या आठवड्यात."

पौषात रत्ना वारली. भिकुबाई दारावर, सांत्वनाला, एकट्याच जाऊन आल्या. नंतर हेमलताबाईंनी फोन केला, तेव्हा त्या कापसाच्या वेचणीचं बोलल्या, म्हैस आटल्याचं बोलल्या. पिशवीचं नाव काढलं नाही. दोन शब्द सुनावले असते तर हेमलताबाईंना सोसलं असतं.

पिशवी खुंटीला आहे. वरणगावच्या वाटेची, भुसावळकडची गाडी पाचोऱ्यावरून रोज जाते.