मावशी येण्याआधीची धुणीभांडी

मावशी म्हणजे आमच्याकडे धुणीभांडी आणि केरफरशी करणाऱ्या बाई. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून त्या या घरात आहेत, त्यामुळे इथे नवखी कोण म्हणाल तर मीच. सासूबाईंचं आणि त्यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. एक म्हणणार, साबण किती संपवतेस. दुसरी म्हणणार, मग कपडे कमी मळवा. घर शांत झालं की मी समजायचं, मावशी गेल्या.

तर या मावशी स्वतःच्याच जिन्यावर घसरल्या आणि उजवं मनगट मुरगळून बसल्या. हाड शाबूत होतं, पण डॉक्टरांनी पट्टा बांधून सक्तीने घरी बसवलं. तेवढ्यात त्यांच्या दुसऱ्या एका कामाच्या घराने नवी बाई लावूनही टाकली. फोनवर हे सांगताना मावशींचा खणखणीत आवाज इतका बारीक झाला, की मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, "सोमवारपासून या तुम्ही. पिळायचं नाही, बादली उचलायची नाही. हलकं काम तेवढं करा."

हलकं म्हणजे कोणतं, हे घरात बसून ठरवायला हवं होतं. पण आमच्याकडे जो तो मनातल्या मनात शहाणा. सोमवारी मी लवकर उठून भांडी घासून टाकली. मी अंघोळीला गेले तशी नवऱ्याने फरशी पुसली. आणि "लाडावून ठेवलंय तुम्ही तिला" असा आदल्या रात्रीपर्यंत घोषा लावणाऱ्या सासूबाईंनी गुपचूप कपडे धुऊन वाळत घातले.

"आले बाई एकदाची!" म्हणत मावशी आत शिरल्या. पट्ट्यातला हात छातीशी धरलेला, पण चेहरा काय खुलला होता! मग त्यांनी रिकामं सिंक पाहिलं, ओली फरशी पाहिली, गॅलरीतले कपडे पाहिले. चेहरा खाडकन उतरला.

"कुणाला लावलीत?"

"कुणाला नाही हो. आम्हीच केलं सगळं."

"ताई, तुम्ही? मी काय ओळखत नाही तुम्हाला?"

हे मला लागलं, पण खोटं कसं म्हणू?

"फरशी मी पुसली," नवरा म्हणाला.

"दादा, तुम्ही तर बोलूच नका." मावशींनी पिशवीतून आमच्या घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "दुसरी ठेवली असेल तर तोंडावर सांगा. मी भांडणार नाही." डोळे भरून आले होते. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

इतक्यात सासूबाई कंबर धरून बाहेर आल्या. "दुसरी म्हणे! चादर पिळता पिळता माझी कंबर गेली, आणि ही निघाली किल्ली ठेवायला! उचल आधी ती!"

"आजी, कपडे तुम्ही धुतले?"

"मग काय करू? तू नव्हतीस तर घर खायला उठत होतं. भांडायला माणूस नाही. ही सून नुसती मान डोलावते, तिच्याशी काय भांडणार!"

मावशी अजून खरं मानायला तयार नव्हत्या. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून आरोळी आली, "अहो, कपडे पिळता की तसेच टांगता? आमच्याकडे धार लागली आहे!"

मावशींनी गॅलरीत डोकावून पाहिलं. चादरीतून पाणी नळासारखं गळत होतं. त्या जे हसत सुटल्या, ते डोळे पुसत, मनगट सांभाळत, खुर्चीत बसकण मारेपर्यंत. सासूबाईही हसल्या, मग कंबरेत कळ आली म्हणून ओरडल्या आणि पुन्हा हसल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी चहा टाकायचं सोडून तिथेच उभी राहिले.

किल्ली पिशवीत परत गेली. मावशी खुर्चीत ऐसपैस टेकल्या आणि आम्हा तिघांकडे बघून म्हणाल्या, "हात बरा होईपर्यंत असंच चालू द्या. मी बसून सांगत जाईन. फक्त एक, उद्या कुणाला दांडी मारायची असेल तर आजच सांगायचं."

"नाही मारणार," सासूबाई मुकाट्याने म्हणाल्या.