धरलेला माणूस पापी कसा?
परवा डांबरगोळ्यांच्या वासाचा जुना इंग्रजी शब्दकोश उघडला आणि मला नव्वदच्या सुमाराचा आदिलाबादच्या कॉलेजातला आमचा वर्ग आठवला. मी तामसीहून, माझ्या गावाहून, बसने यायची. उघड्या खिडक्यांतून जवळच्या जिनिंग गिरणीतला कापूस उडत येऊन केसांना चिकटायचा. त्या दिवशी इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर 'केटिफ' लिहिलं आणि म्हणाले, "हा शब्द आता कुणी वापरत नाही. आधी अर्थ होता कैदी, मग झाला दुर्दैवी आणि शेवटी नीच, पापी." तेवढ्यात माझ्याच गावचा एक मुलगा मागे वळून मला म्हणाला, "जेलवाला!" आणि वर्ग हसला. आदल्या वर्षी बैलचोरीच्या संशयावरून माझ्या बाबांना आठ दिवस कोठडीत ठेवलं होतं. खरा चोर सापडला, बाबा सुटले, पण गावाने त्यांना हे नाव चिकटवलं ते चिकटवलंच. मी ताडकन उठले. "सर, धरून नेलेला माणूस पापी काऊन झाला? त्यानं केलं काय होतं?" सर वैतागले. "हे परीक्षेत येत नाही. बस खाली." मी बसले नाही, तास संपेपर्यंत तशीच उभी राहिले. संध्याकाळी बाबा बैलांना कडबा टाकत होते, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे इंग्रजायचं गावबी आपल्यासारकंच हाय म्हना," आणि हसले. मला हसू आलं नाही. त्यांची माफी ना ठाण्यातल्या कुणी मागितली, ना गावातल्या कुणी, आणि त्याचा संताप मला आज पन्नाशीतही आवरत नाही.